हजारपट

टीव्हीची काचेची पिक्चर ट्यूब गेली, रेडिओतले व्हॉल्व्ह तर त्याच्या कितीतरी आधी गेले. आता घरात उरली असलीच तर एकच व्हॅक्यूम ट्यूब उरली आहे आणि ती स्वयंपाकघरात आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या बटणांमागच्या कप्प्यात मुठीएवढा मॅग्नेट्रॉन बसलेला असतो. त्याला चार हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात, आणि २४५० मेगाहर्ट्झवर तो सात-आठशे वॅट देतो. त्यामुळे नात्यातलं कुणी ‘तुझं ते मायक्रोवेव्ह म्हणजे आमच्या ओव्हनसारखंच का गं?’ असं विचारतं तेव्हा मी सरळ हो म्हणते. फक्त माझा ओव्हन काही हजार पटींनी मोठा होता, इतकंच पुढे जोडते.

माझी नोकरी क्लिस्ट्रॉनमागे गेली, म्हणजे मायक्रोवेव्हची शक्ती वाढवणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबमागे. एका सरकारी प्रयोगशाळेत, महाराष्ट्रापासून बरीच लांब. एमएस्सीला बरोबर असलेल्यांपैकी हुशार मंडळी सेमीकंडक्टरकडे वळली, आणि भेटली की हमखास विचारायची, ‘अजून व्हॉल्व्हच का?’ त्यात कुत्सितपणा नसे, खरंच आश्चर्य असे. बैलगाडीचं चाक बनवणाऱ्याकडे बघावं तसं बघायची.

उत्तर उष्णतेत आहे. ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन घन पदार्थातून वाट काढत जातो, धडकत जातो, आणि जिथे काम होतं नेमकी तीच जागा तापते. ती जागाही केसाच्या जाडीहून लहान. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन निर्वातातून धावतो, वाटेत कुणाला धडकत नाही. आपली ऊर्जा तो एका तांब्याच्या पोकळीला देतो, आणि उरलीसुरली घेऊन पुढे कलेक्टर नावाच्या जाडजूड भांड्यावर आदळतो. भांड्याभोवती पाणी फिरवायचं. काम एकीकडे, उष्णता दुसरीकडे. या एवढ्या सोयीपायी मेगावॅटच्या गावात ट्यूब अजून नांदते आहे.

एडवर्ड गिन्झ्टन हे नाव मला प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात भेटलं. मायक्रोवेव्हच्या मापनावर त्यांनी १९५७ साली लिहिलेलं पाठ्यपुस्तक आमच्याकडे होतं, बांधणी उसवलेली, कडांना ट्रान्सफॉर्मर ऑइलचे डाग. म्हणजे ते कपाटात न राहता टेस्ट बेंचवर राहिलं होतं. पुढे त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. या क्षेत्रातल्या माणसांत ते माझे सर्वांत आवडते. कारण सांगते, पण त्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

क्लिस्ट्रॉनचा शोध गिन्झ्टन यांचा नव्हे. तो रसेल आणि सिगर्ड या व्हेरियन बंधूंचा, १९३७ सालचा, स्टॅनफर्डमधला. थोरला रसेल भौतिकशास्त्र शिकलेला, वाचनात अडखळणारा. धाकटा सिगर्ड वैमानिक, पॅन अ‍ॅममध्ये मध्य अमेरिकेच्या मार्गांवर उडणारा. रात्री किंवा ढगांत समोरचं विमान दिसत नाही, लहान तरंगलांबीच्या रेडिओलहरींनी ते दिसेल का, या काळजीतून तो भावाच्या मागे लागला. विद्यापीठाने त्यांना पगार दिला नाही. सामानासाठी वर्षाला शंभर डॉलर दिले आणि त्या बदल्यात पेटंटच्या उत्पन्नात अर्धा वाटा लिहून घेतला. ज्या पोकळीवर सगळा डोलारा उभा राहिला ती विल्यम हॅन्सेन या तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञाची.

तत्त्व सोपं आहे. इलेक्ट्रॉनांचा सलग झोत सोडायचा. पहिल्या पोकळीत काहींना किंचित थोपवायचं, त्यांच्या मागच्यांना किंचित ढकलायचं. मग मोकळ्या वाटेवर मागचे पुढच्यांना गाठतात आणि सलग झोताचे घोळके होतात. टोलनाक्यावरून आधी ट्रक सुटले आणि मागून मोटारी सुटल्या की चार-पाच किलोमीटरवर जसा गाड्यांचा पुंजका होतो, तसं. हे घोळके दुसऱ्या पोकळीत शिरले की तिला ठरावीक ठेक्यात धक्के बसतात आणि तिच्यातून मोठी लहर बाहेर काढता येते. बारावीच्या मुलाला समजेल. मी समजावलं आहे.

गिन्झ्टन यांचा जन्म डिसेंबर १९१५चा, आजच्या युक्रेनमधल्या द्निप्रोचा, तेव्हाचं एकातेरिनोस्लाव. क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब पूर्वेकडे सरकत मांचुरियातल्या हार्बिनला पोचलं, आणि तिथून १९२९ साली कॅलिफोर्नियाला. मुलगा तेरा वर्षांचा, इंग्रजी येत नाही. सात वर्षांनी तो बर्कलीचा विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर होता. तिथून स्टॅनफर्डला, फ्रेडरिक टर्मन यांच्या हाताखाली. शेजारच्या इमारतीत क्लिस्ट्रॉनची गडबड चालली होती आणि तिथे मापन जाणणारा माणूस हवा होता. हे मला फार बोलकं वाटतं. ते या विषयात आले ते मोजायला.

युद्धाची वर्षं सगळ्यांची न्यूयॉर्कजवळ स्पेरी कंपनीत गेली. त्या काळात बाजी मारली ती मॅग्नेट्रॉनने. बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी फेब्रुवारी १९४०मध्ये बनवलेला पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन रडारच्या प्रक्षेपकात जाऊन बसला. क्लिस्ट्रॉनकडे रिसीव्हरमधलं छोटं काम आलं, मिलिवॅटचं. बुद्धिमान, नेमका, पण अंगात बळ नाही, अशी त्याची ख्याती झाली.

१९४६ला मंडळी स्टॅनफर्डला परतली. हॅन्सेन यांना इलेक्ट्रॉनचा रेषीय प्रवेगक बांधायचा होता: सरळ नळी, आत मायक्रोवेव्ह, आणि तिच्या लाटेवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन. पहिला प्रवेगक १२ फुटांचा, १९४७ साली मॅग्नेट्रॉनवर चालला. पैसे देणाऱ्या नौदलाच्या संशोधन कार्यालयाला हॅन्सेन यांनी अहवाल पाठवला तो एका वाक्याचा: आम्ही इलेक्ट्रॉन प्रवेगित केले आहेत. (आयुष्यभर त्रैमासिक प्रगती अहवाल भरलेल्या बाईला या वाक्याचा किती हेवा वाटत असेल, कल्पना करा.)

पण अब्ज व्होल्टपर्यंत जायचं तर अनेक ट्यूब एका ठेक्यात चालायला हव्यात. मॅग्नेट्रॉन स्वयंभू, तो आपल्या लयीत चालतो. त्याला दुसऱ्याच्या तालावर बांधणं जिकिरीचं. क्लिस्ट्रॉन मुळात अ‍ॅम्प्लिफायर, दिलेला ताल तोच मोठा करून देतो. हवा होता क्लिस्ट्रॉनच. फक्त तेव्हाचे मोठ्यातले मोठे क्लिस्ट्रॉन वीस-तीस किलोवॅटच्या घरात होते, आणि गरज होती तीस मेगावॅटची.

हजारपट. मध्ये एकही पायरी नाही.

आधी शंभर किलोवॅट, मग मेगावॅट, असं चढत जावं हे कुणीही सुचवलं असतं. माझ्यासमोर प्रस्ताव आला असता तर मीही तेच सुचवलं असतं. गिन्झ्टन आणि मार्विन चोडोरो यांनी सरळ शेवटचा आकडा घेऊन आराखडा मांडला. चार लाख व्होल्ट, अडीचशे अँपिअर. झोतात दहा कोटी वॅट, त्यातले तीस टक्के बाहेर काढायचे. अर्थात हे एक-दोन मायक्रोसेकंदाच्या स्पंदापुरतं, सेकंदाला साठ वेळा. त्यामुळे सरासरी काही किलोवॅटचीच पडते. पण त्या मायक्रोसेकंदात ट्यूबच्या आत जे विद्युतक्षेत्र उभं राहतं त्याला सरासरीशी देणंघेणं नसतं.

शंका घ्यायला जागा भरपूर होती. चार लाख व्होल्टवर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ८३ टक्के वेगाने धावतो. तिथे त्याला आणखी ढकललं तरी वेग फारसा वाढत नाही, सापेक्षता आडवी येते. मग मागचे पुढच्यांना गाठणार कसे? वर सांगितलेलं सोपं तत्त्व इथे अवघड होतं. चोडोरो मूळचे सिद्धांताचे माणूस, त्यांनी हिशेब करून दाखवलं की घोळके होतील, वाट लांब ठेवावी लागेल. अडीचशे अँपिअरचा झोत स्वतःच्याच भाराने फाकायला बघतो, त्याला चुंबकाने आवळून धरायचं. शिवाय कलेक्टरवर आदळणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडतात, म्हणजे ट्यूब शिशात गुंडाळायची.

१९४९ साली ती ट्यूब चालली. दहा मेगावॅटच्या पुढे गेली, आणि काही काळातच ठरवलेल्या मुक्कामाकडे पोचली.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण कागदावर ‘ट्यूब चालली’ या दोन शब्दांत जे मावतं ते मी पाहिलेलं आहे. आमचे आकडे लहान होते, पण रीत तीच.

ऑक्सिजनमुक्त तांब्याचे भाग, रासायनिक धुलाई, आणि तिथून पुढे उघड्या हाताने स्पर्श नाही. बोटाच्या ठशातलं तेल महिनोन् महिने वायू सोडत राहतं. मग हायड्रोजन भट्टीत ब्रेझिंग: ७२ टक्के चांदी, २८ टक्के तांबं, हा मिश्रधातू ७८० अंशांना वितळतो आणि फटीत स्वतःहून शिरतो. फट जास्त ठेवली तर शिरत नाही, कमी ठेवली तरी शिरत नाही. आमच्याकडे ब्रेझिंग करणारे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, संचालकही. भट्टीच्या भिंगातून पाहून ते सांगत, ‘लागला.’ कधी म्हणत, ‘लागला, पण नाखुशीने.’ तो जोड हीलियम लीक डिटेक्टरवर नेला की खरोखरच गळका निघे. त्यांचं नाव कुठल्याही शोधनिबंधात नाही. माझं बऱ्याच निबंधांत आहे.

मग बेकआउट, कित्येक दिवस. ट्यूब पंपावर, सभोवती भट्टी, धातूने पोटात धरलेला वायू हळूहळू सुटतोय आणि गेजचा काटा उतरतोय. मग इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला जागं करणं. आणि शेवटी कंडिशनिंग, ज्याला आमच्या क्षेत्राची खरी रात्रपाळी म्हणता येईल. व्होल्टेज थोडं वाढवायचं, वाट पाहायची. आत कुठेतरी तांब्यावरचा एखादा न दिसणारा काटा पेटतो, गेज उसळतो, इंटरलॉक वीज तोडतो, खोली एकदम शांत होते. पुन्हा शून्यातून. काटा जळून गेलेला असतो, म्हणून या खेपेला ट्यूब जरा वर जाते. असं शेकडो वेळा. ट्यूबला व्होल्टेजची सवय लावायची असते आणि तिला घाई चालत नाही. घाई केली तर ठिणगी नको तिथे पडते, सिरॅमिकची खिडकी तडकते आणि वर्षाचं काम एका मायक्रोसेकंदात हवा भरून घेतं. सकाळी कुणी विचारलं, ‘रात्री काय केलंत?’ तर उत्तर असे, ‘अकरा किलोव्होल्ट वर चढलो.’

हॅन्सेन मे १९४९मध्ये गेले, चाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. फुप्फुसं निकामी झाली होती, संशोधनात हाताळलेल्या बेरिलियमच्या धुळीने. नव्या क्लिस्ट्रॉनवरचा प्रवेगक उभा राहिलेला त्यांना पाहता आला नाही. प्रकल्पाची धुरा गिन्झ्टन यांच्याकडे आली. आमच्या प्रयोगशाळेत बेरिलियाच्या सिरॅमिकवर लाल चिठ्ठी असे: घासू नये, फोडू नये, कानस लावू नये. नव्या मुलांना मी ही चिठ्ठी दाखवताना हॅन्सेन यांचं वय सांगत असे. सुरक्षेच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होई.

मार्क थ्री हा प्रवेगक त्या ट्यूबांवर उभा राहिला. त्यावर रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी अणुकेंद्रांवर इलेक्ट्रॉन मारून ती केवढी आहेत, कडेला कशी विरळ होतात ते मोजलं आणि १९६१चं नोबेल मिळवलं. ट्यूब बनवणाऱ्याला नोबेल नाही. मला यात अन्याय दिसत नाही, पण एक गोष्ट खटकते: विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण ‘शोध लागला’ यावरून थेट ‘उपयोग झाला’ यावर उडी मारतो. मधल्या हजारपटीला इतिहासात कुणी प्रकरण देत नाही. व्हेरियन बंधूंची गोष्ट रंगते, विमान आहे, शंभर डॉलर आहेत, भावाभावांचं प्रेम आहे. गिन्झ्टन यांच्या गोष्टीत काय आहे? चुंबक, शिसं, तेल आणि चोडोरोंचे हिशेब. तरीही मला विचाराल तर क्लिस्ट्रॉन खऱ्या अर्थाने १९४९ला जन्मला. १९३७ला त्याची कल्पना जन्मली.

आणि मग ती ट्यूब इस्पितळात गेली. स्टॅनफर्डचे हेन्री कॅप्लन हे कर्करोगाचे डॉक्टर गिन्झ्टन यांच्याकडे आले: तुमचा प्रवेगक लहान करून द्या. जिथे भौतिकशास्त्रज्ञ रोज ऊर्जा वाढवायच्या मागे होते तिथे हा माणूस कमी ऊर्जा मागत होता, साठ लाख व्होल्टची, पण नेमकी आणि भरवशाची. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात १९५३पासून मॅग्नेट्रॉनवरचा प्रवेगक उपचार करत होता, त्यामुळे जगातला पहिला मान स्टॅनफर्डचा नाही. पण जानेवारी १९५६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण आला तो एक लहान मुलगा होता, डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेला. एक डोळा आधीच काढावा लागला होता. दुसरा वाचला, दृष्टीसकट.

व्हेरियन असोसिएट्स ही कंपनी १९४८मध्ये निघाली तेव्हाच गिन्झ्टन तिच्या संस्थापकांत होते. १९५९ला रसेल व्हेरियन अलास्कात अचानक गेले आणि कंपनीचं अध्यक्षपद गिन्झ्टन यांच्यावर आलं. तेव्हा ते दोन मैल लांबीच्या प्रवेगकाच्या प्रकल्पाचे संचालक होते. तो त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ पानोफ्स्की यांच्या हाती सोपवला. १९६६ला तो स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेचा प्रवेगक सुरू झाला, त्यावर २४०च्या वर क्लिस्ट्रॉन. संशोधकाने कारखानदार होऊ नये असं मानणाऱ्या पिढीत मी वाढले. आमच्याकडे खासगीत गेलेल्या माणसाबद्दल हलक्या आवाजात बोलत, जणू घरातून पळून गेला. पण गिन्झ्टन खुर्चीवर बसले नसते तर उपचाराचं ते यंत्र विद्यापीठाच्या तळघरातच राहिलं असतं, असं मला वाटतं. आज जगभरच्या इस्पितळांत व्हेरियन हे नाव रंगरंगोटी केलेल्या पत्र्यावर दिसतं, आणि त्याखालून जाणाऱ्या रुग्णाला ते कुणा माणसाचं आडनाव आहे याची कल्पना नसते. असायचं कारणही नाही.

आपल्याकडे हा प्रवाह दोन-तीन वाटांनी आला. पिलानीच्या सीरी या सरकारी प्रयोगशाळेत मेगावॅटचे क्लिस्ट्रॉन घडले. मुंबईत टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, मायक्रोवेव्ह युनिटमधून समीर ही संस्था निघाली, १९८४ची, आणि तिने उपचाराचा रेषीय प्रवेगक भारतात बांधला. त्यातला एक सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसला. गांधीजींच्या आश्रमाच्या हाकेवर, विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी. चांगल्या ट्यूबसाठी परदेशाकडे बघावं लागे, आणि ट्यूब ही अशी वस्तू की इस्पितळ आणि रडार दोघांनाही लागते. त्यामुळे परवान्याचे कागद ट्यूबपेक्षा जड.

रडारची बाजू मी लपवत नाही. ‘हाय पॉवर मायक्रोवेव्ह’ म्हटलं की आज बहुतेकांना ड्रोन पाडणारी शस्त्रं आठवतात. दर वर्षा-दोन वर्षांनी नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ट्रॉम्बेच्या काली-५०००चा फॉरवर्ड येतो: लेसरने शत्रूची क्षेपणास्त्रं वितळवणारं गुप्त अस्त्र, खाली देवीचं चित्र. काली हा भाभा अणुसंशोधन केंद्राचा इलेक्ट्रॉन प्रवेगक आहे, लेसर नव्हे. तो प्रचंड प्रवाहाचे नॅनोसेकंदांचे स्पंद देतो आणि त्यांतून मायक्रोवेव्ह व क्ष-किरण काढता येतात. मी एकदा चार ओळींत हे लिहिलं. काकांनी हात जोडल्याची खूण पाठवली, आणि संध्याकाळी तोच फॉरवर्ड दुसऱ्या काकांकडून आला.

‘अजून व्हॉल्व्हच का?’ या प्रश्नाचं उत्तर आता मला पूर्वीच्या ठसक्यात देता येत नाही. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या प्रवेगकाला, ५०५.८ मेगाहर्ट्झची लहर पूर्वी क्लिस्ट्रॉन द्यायचे. पुढे तिथल्याच लोकांनी शेकडो ट्रान्झिस्टरांची शक्ती एकत्र करणारे अ‍ॅम्प्लिफायर बनवले आणि क्लिस्ट्रॉन उतरवले. फ्रान्समध्येही हेच झालं. कमी वारंवारतेच्या, अखंड चालणाऱ्या यंत्रांत ट्यूब हरते आहे, हे सरळ मान्य करावं. वरच्या टोकाला चित्र वेगळं. आयटर या संलयन प्रकल्पात प्लाझ्मा तापवायला १७० गिगाहर्ट्झचे जायरोट्रॉन लागतात, तेही व्हॅक्यूम ट्यूबच, एकेक मेगावॅटचा, आणि त्यांतले दोन भारताने द्यायचे आहेत. तिथे ट्रान्झिस्टरचं नावही कुणी काढत नाही.

माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा अशाच एका ठिकाणी ट्रान्झिस्टरांकडे वळला. गेल्या दिवाळीत फोनवर मन लावून सांगत होता: ‘मॅडम, एखादं मॉड्यूल गेलं तरी मशीन चालू राहतं. सकाळी येऊन काढायचं, दुसरं बसवायचं. कंडिशनिंग नाही, बेकआउट नाही, क्ष-किरण नाहीत.’ मी विचारलं, मग रात्रपाळीला करता काय? तो म्हणाला, ‘तोच प्रॉब्लेम आहे. झोप येते.’